सतरावं कलम

“हे सतरावं कलम कुणाच्या डोक्यातून निघालं?” विधी अधिकाऱ्यांनी विचारलं.

विद्यापीठाचे सरकारी खात्यांशी होणारे करार म्हणजे आजवर जितकी खाती तितके मसुदे. एकेका सहीपायी आठ-आठ महिने भिजत घोंगडं. आता सगळ्यांसाठी एकच नमुना ठरणार होता. तो ठरायलाच हवा, हे करार विभागातल्या ताईंइतकं कुणाला कळणार? सव्वीस वर्षं त्यांनी या मसुद्यांशी डोकेफोड केली होती.

“मी घातलं, सर,” ताई म्हणाल्या.

कलम दोनच ओळींचं होतं. बाहेरगावी काम करताना कुणी दगावलं, तर त्याच दिवशी घरी कळवायचं आणि त्याला घरी पोचवायचं, ही जबाबदारी दोन्ही कार्यालयांची.

“एकदाही वापर झालेला नाही याचा.”

“नाही झाला, ते बरंच झालं की!”

बैठकीत हशा पिकला. ताई मात्र हसल्या नाहीत. इतकी वर्षं गिळलेलं त्यांनी सांगून टाकलं.

“माझा भाऊ होता, सर. पाण्याचे नमुने घ्यायला गेला आणि विहिरीत पडला. खातं म्हणालं, विद्यापीठाचा माणूस. विद्यापीठ म्हणालं, खात्याचा. तीन दिवस त्याचा देह तिथल्या दवाखान्यात पडून होता. इकडे आई रोज त्याचं ताट वाढून झाकून ठेवत होती. मी नोकरीला लागल्यापासून प्रत्येक करारात हे घालत आले. कुणी वाचलं नाही, म्हणून टिकलं.”

अधिकारी माणूस वाईट नव्हता. त्याने स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला ताईंपुढे सरकवला.

“ताई, मला पटतं हो. पण दोघांची जबाबदारी म्हटलं की एकाही खात्याचा वकील सही करू देणार नाही. परत सगळं अडेल.”

तेही खरंच होतं. ताईंनी मान हलवली.

नमुन्याची स्वच्छ प्रत त्यांनीच टाइप केली. अठराव्या कलमाला सतराचा आकडा देताना त्यांना रडू आवरेना. भावाला दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं वाटलं.

नव्या करारावर पहिली तुकडी निघाली, त्या सकाळी ताई वही घेऊन फाटकाशी उभ्या राहिल्या. पाचजण होते. प्रत्येकाच्या घरचा फोन नंबर त्यांनी उतरवून घेतला आणि आपला दिला. शेवटच्या मुलीला हसू आलं.

“एवढं कशाला हो, ताई? चार दिवसांत येतोय की परत.”

“यालच गं. तू सांग तर.”

“घरी एकटी आईच असते. तिला कमी ऐकू येतं, फोन उचलतच नाही ती.”

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

“मग पत्ता सांग,” ताई म्हणाल्या. गाडीच्या दारावर वही टेकवून त्यांनी तो सावकाश लिहून घेतला, एकदा वाचून दाखवला आणि विचारलं, “तिकडे बस कुठली जाते?”