एकेचाळीस पुस्तकं

मोठ्या बाईंनी शेरा लिहूनच ठेवला होता, 'हलगर्जीपणामुळे एकेचाळीस पुस्तके गहाळ.' चार वाजता गाडीवाले मामा निवृत्त होणार, आणि तीस वर्षं वाचनालयाच्या शाखाशाखांत पुस्तकं पोचवणाऱ्या माणसाला जाताना हा आहेर! संगणक सांभाळणाऱ्या ताईला हे मुळीच पटेना. लहानपणी तिला गोष्टींची पुस्तकं याच माणसाने आणून दिली होती.

मुख्य धरून शाखा सहा, फाइली सहा. एकीचं दुसरीला ठाऊक नाही. त्या एकत्र केल्या तर पुस्तकं सापडतील, अशी तिची खात्री होती. पण सकाळी लावलेला प्रोग्राम एक नोंद उचलायचा, तपासायचा, सेव्ह करायचा, मग पुढची. बारा वाजले तरी पहिलीच शाखा चाललेली. या चालीने उद्याची दुपार झाली असती.

"मामा, संपतच नाही हो हे," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

मामांनी सरकणारे आकडे पाहिले. "एकेका पुस्तकासाठी फेरी मारतेस होय गं? मी अशी गाडी चालवली असती, तर अजून पहिल्याच वर्षात असतो. आधी सगळं गाडीत भर, नंबराने लाव, आणि एकदाच उतरव."

ताईने कपाळावर हात मारला. सहाही फाइली तिने एका तात्पुरत्या तक्त्यात ओतल्या, पुस्तकांवरच्या शिक्क्याच्या नंबराने लावल्या आणि सेव्ह ठेवलं शेवटी, एकदाच. चहा गार व्हायच्या आत काम फत्ते.

एका शाखेत 'गहाळ' असलेली चाळीस पुस्तकं दुसऱ्या शाखांत 'जादा' म्हणून सुखाने नांदत होती. वाचकांनी नेली इथून, परत केली तिथे. मामांचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

"आणि एकेचाळिसावं?" मोठ्या बाई सहजी हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या.

ताईने ओळ वाचली आणि तिला हसू आवरेना. "जाडा शब्दकोश. मुख्य कार्यालयात, कामासाठी. नेणाऱ्या तुम्हीच, बाई."

तिघांच्याही नजरा बाईंच्या टेबलाकडे वळल्या. कोश त्यांच्या स्क्रीनखाली टेकू म्हणून बसला होता, चांगली पाच वर्षं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. बाई ओशाळल्या. त्यांनी शेरा फाडला, नव्या कागदावर 'एकही पुस्तक गहाळ नाही' असं लिहून सही केली आणि कोश ओढायला वाकल्या.

"राहू द्या, बाई," मामा म्हणाले. "स्क्रीन खाली गेला तर तुमची मान दुखेल. उद्या येऊन लाकडाचा ठोकळा बसवतो, मग काढू कोश. उद्यापासून मला वेळच वेळ आहे."