नऊ नंबरच्या खाटेची तयारी

“मशीन आडवं धर. आणि बटाटा सोलल्यासारखं नको, हलकं,” मामा म्हणाले.

बायकोचा हात हवेतच थांबला. “मला नाही जमायचं, अहो.”

“जमेल. कातडी ताणून धर फक्त.”

मामा याच हॉस्पिटलात न्हावी होते. हृदयाच्या पेशंटची ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ‘तयारी’ करायची, म्हणजे छातीवरचे, पायांवरचे केस काढायचे, हे त्यांचं एकवीस वर्षांचं काम. आज नऊ नंबरच्या खाटेवर ते स्वतःच होते. पाठीशी तीन उशा, कारण आडवं झालं की जीव घुसमटायचा. बदली न्हाव्याचा हात धसमुसळा, म्हणून त्यांनी बायकोलाच बसवलं होतं. सिस्टरनं दोघांकडे पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

सकाळी सर्जन येऊन गेले होते. मामांशी ते आडपडदा ठेवत नसत.

“ॲटॅकनं हृदयाचा एक भाग दुबळा झालाय, मामा. हृदय फुगलंय, त्यामुळे झडप नीट मिटत नाही. रक्त उलटं फुप्फुसांकडे जातं, म्हणून हा दम. बायपास करतानाच झडपेला कडं बसवून ती आवळून घेऊ.”

“हृदयाला झेपेल का?”

“खोटं नाही सांगणार. धोका आहे. पण असंच ठेवलं तर फार दिवस नाही निघणार.”

“मग उद्याच करा,” मामा म्हणाले होते.

मशीन घरघरत छातीवरून फिरू लागलं. पांढरे केस टॉवेलवर पडत होते.

“गप्प नको बसूस. पेशंटशी बोलत राहायचं. गप्प बसलं की त्याला उद्याची आठवण येते.”

“काय बोलू?”

“मी विचारायचो, घरी कोण कोण असतं?”

तिनं विचारलं, “घरी कोण कोण असतं?”

“बायको. मुलगी सासरी.”

“बायको कशी आहे?”

“तोंडानं फटकळ. पण...” मामा थांबले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

“पण काय?”

“दम लागला. नंतर सांगतो.”

ती पायांकडे वळली. जरा वेळानं म्हणाली, “तुम्ही तयारी केलेले जे ऑपरेशनवरून परत आले नाहीत, त्यांच्याबद्दल घरी कधी बोलला नाहीत.”

“घरी कशाला आणायचं ते?”

कधीकधी ते कामावरून येत आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून पडत. ताट वाया गेलं म्हणून ती भांडायची. त्या दिवसांचा उलगडा तिला आज झाला. गुडघ्यापाशी तिनं हात फारच हळू चालवला.

ऑपरेशन सात तास चाललं. सर्जन बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ होता. “तीन ठिकाणी बायपास केला. कडं छान बसलं, गळती थांबली. पण हृदयाचं काम करणाऱ्या मशीनवरून काढलं की हृदय जोर धरत नाहीये.”

दोन दिवस औषधांवर आणि यंत्रांवर गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी मामा गेले.

मुलगी आत कागदपत्रं करत होती. बायको बाहेर बाकावर बसून होती. तेवढ्यात हातात कपड्यांची पिशवी घेतलेली एक बाई समोर येऊन उभी राहिली.

“उद्या आमच्या ह्यांचं आहे. बायपास आणि झडप, दोन्ही. कालपासून घास उतरला नाही बघा. तुमच्या ह्यांचंही तेच होतं ना? सिस्टर म्हणाल्या.”

“हो.”

“कसं झालं हो?”

बायकोनं तिच्या तोंडाकडे पाहिलं.

“कडं छान बसलं,” ती म्हणाली. “गळती थांबली.”

बाईनं डोळे मिटून श्वास सोडला.

मुलगी रडवेल्या चेहऱ्यानं दारात आली. आईनं हातानंच तिला तिथं थांबवलं, आणि जरा सरकून त्या बाईला बाकावर जागा करून दिली.