काळ्या डागाचे झिंगे

कुसाबाईनं त्या श्रावणात महादेवाला लाख बेलपानं वाहायचा नेम धरला होता, तो लेकासुनेसाठी. रोहितनं आधीच सांगून ठेवलं होतं, "आई, ही झिंग्यांची खेप मेली तर मी न् तेजस्विनी अंबडला खोली घेतो. कंपनीत लागतो." सायखेड्याच्या मळ्यात दोघांनी नवं शेततळं खोदून गोड्या पाण्यातले झिंगे सोडले होते. कुसाबाई त्या जिवांना शिवत नसे. पण घर भरलेलं राहावं, एवढंच तिचं मागणं होतं.

रोज तीन हजारांवर पानं व्हायची. निर्माल्य पायदळी येऊ द्यायचं नाही, वाहत्या पाण्यात सोडायचं. पण गोदावरीचा घाट लांब, गुडघे धरलेले, अन् तळं चार पावलांवर. पाणी ते पाणी, असं म्हणून ती टोपली तिथंच उपडी करायची. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं तिला वाटलंच नाही.

अठराव्या दिवशी, झुंजूमुंजू झालं होतं, टोपली रिकामी करताना तिला काठाशी डोळे दिसले. काड्यांच्या टोकांवर बसवल्यासारखे, पाण्याच्या वर आलेले. शेकडो. सगळे झिंगे कडेला येऊन तिच्याकडं तोंड करून निश्चल थांबले होते, अन् कित्येकांच्या पाठीवर काळे डाग होते. कुणी तापल्या सळईनं डागलं असावं तसे.

तिनं पदरात तोंड झाकलं. "रोहित, डागाचे वेचून काढ रे. कोप हाय हा."

तेजस्विनी माहेरी घोटीला गेली होती. रोहितनं आईचं ऐकलं. डागाळलेले सगळे जाळीनं काढून विहिरीजवळच्या पिंपात टाकले, दुसऱ्या दिवशी पुरायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळं भरून झिंगे उताणे तरंगत होते. एकाच्याही अंगावर ठिपका नव्हता. धुतल्यासारखे स्वच्छ, अन् मेलेले. पिंपात मात्र काळ्या डागाचे झिंगे मिशा हलवत होते. कुसाबाईच्या काठीचा आवाज झाला की सगळे एकदम वळायचे.

पहिल्या गाडीनं आलेली तेजस्विनी पिंपापाशी बसली. तिनं एक झिंगा तळहातावर घेतला.

"आत्याबाई, हे बघा. ही याची खपली हाय. कवचाला जंतू लागला की याचं रक्त तिथं धावतं, जंतूला घेरतं, गोठतं, काळं पडतं. जंतू तिथंच कोंडला जातो. ज्याच्यावर डाग, तो झुंजलाय."

"मग ते गोरे?" कुसाबाईनं विचारलं.

"त्यांच्या थेट रक्तात शिरले जंतू. डाग पडायला सवडच मिळाली नाही. पण इतकी घाण पाण्यात आली कुठून?"

रोहितनं तळाशी जाळी फिरवली. वर आला तो काळा, बुळबुळीत लगदा. त्यात एक पान अजून तीन दळांचं राहिलं होतं.

तेजस्विनीनं ते बेलाचं पान उचललं. मग कुसाबाई म्हणाली, "माझं हाय ते."

"वा!" रोहित जाळी आपटत म्हणाला. "आमी इथंच राहावं म्हणून नवस, अन् त्याच नवसानं आमाला घालवायचं!"

"गप बसा हो," तेजस्विनी म्हणाली. "आधी पाणी बदला."

दोन दिवस मोटार चालली. तळाचा गाळ उपसला, विहिरीचं पाणी भरलं, पिंपातले झिंगे परत सोडले. कुसाबाईनं नेम मोडला नाही. उरलेली पानं वाहिली, पण निर्माल्य पेरूखालच्या खड्ड्यात पुरलं. खोलीत अंबडला जायची रोहितची पेटी भरलेलीच होती. ती तिकडं बघायची नाही.

लाख पुरं झालं त्या सकाळी ती तळ्यावर गेली, अन् जागीच थबकली. काठाला झिंगेच झिंगे लागले होते. पाय, मिशा, डोळ्यांच्या वाट्या, सगळं जागच्या जागी, पण आरपार दिसणारे. आत कुणीच नव्हतं. प्रत्येकाच्या पाठीवर तो काळा डाग.

"गेले," ती पुटपुटली. उभ्या जन्मात न शिवलेल्या त्या पाण्यात तिनं हात घातला. बोटांना काहीतरी मऊ लागलं. मग आणखी एक. कात टाकून आलेलं नवं अंग, कोवळं, डाग नसलेलं, जिवंत.

मागं रोहित कधी येऊन उभा राहिला होता कोण जाणे. त्यानंही वाकून पाण्यात पाहिलं, मग पेटीतले कपडे काढायला घरात गेला.

कुसाबाईनं ती रिकामी कवचं पदरात गोळा केली. हलकी होती, पण पदरात कुजबुजत होती. खड्ड्यात बेलपानांवर ठेवताना सगळ्या पोकळ डोळ्यांचा रोख पुन्हा तिच्याकडंच होता. तिनं हात जोडले, अन् माती लोटली.