टुंड्राचा चौथा मुद्दा

टाकानिनीच्या शाळेत नोकरीसाठी नमुना पाठ द्यायला मृणालिनी गेली, तेव्हा तिला विषयाची काडीचीही चिंता नव्हती. टुंड्रा! पुण्यात चौदा वर्षं भूगोल शिकवताना हा धडा तिने इतक्यांदा लिहून दिला होता, की झोपेतून उठवलं तरी मुद्दे ओळीने सांगितले असते. इथे परदेशात आल्यापासून दोन वर्षं ती एका गोदामात खोकी चिकटवत होती. ही नोकरी लागली तर ती पुन्हा शाळेतली बाई होणार होती. नाही लागली, तर पुन्हा खोकी.

"लिहून घ्या," ती म्हणाली. कुणी पेनसुद्धा उचललं नाही. मागे बसलेल्या विभागप्रमुखांनी मात्र काहीतरी लिहिलं. मृणालिनीने तरी रेटलंच. एक, बर्फाळ प्रदेश. दोन, जमिनीचा खालचा थर कायम गोठलेला. तीन, कडाक्याच्या थंडीमुळे झाडं नाहीत. चार, सर्वांत उबदार महिन्यातही सरासरी तापमान दहा अंशांच्या खाली...

पुढे बसलेल्या सिना नावाच्या मुलीने हात वर केला. "मिस, सायबेरियाच्या जंगलात तर त्याहून जास्त थंडी पडते ना? मग तिथे हीप्स झाडं, एवढी ढीगभर, कशी?"

मृणालिनीला उत्तर येत नव्हतं. पण भर वर्गात 'येत नाही' म्हणायचं? बाईंनी? "ते या धड्यात नाही," ती तोऱ्यात म्हणाली. "तास संपल्यावर विचार."

तास संपल्यावर विभागप्रमुख गोड हसून "कळवू" म्हणाल्या. त्या हसण्याचा अर्थ न कळण्याइतकी ती नवखी नव्हती.

गाडीत बसून तिने चडफडत फोनवर शोधलं. झाडं हिवाळा सोसतात, पण वाढायला त्यांना थोडा तरी उबदार उन्हाळा लागतो. तो जंगलात मिळतो, टुंड्रात नाही. म्हणजे मुद्दा क्रमांक चार! चौदा वर्षं तिने तो लिहून दिला, पाठ करून घेतला, चुकला तर मार्क कापले, आणि एकदाही त्याचा विचार केला नाही. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

बसस्टॉपवर सिना उभी होती. मृणालिनी तरातरा तिच्याकडे गेली, सगळं समजावून सांगितलं आणि एकदाचं म्हणून टाकलं, "मघाशी मला येत नव्हतं."

"स्वीट अ‍ॅज, मिस, काही हरकत नाही. मलाही नव्हतं येत." सिनाने खांदे उडवले. "आमच्या मिस अशा वेळी म्हणतात, चला, शोधू या. तुम्ही का नाही म्हणालात?"

तेवढ्यात बस आली आणि सिना चढून गेली. या प्रश्नाचं उत्तर मृणालिनीला येत होतं, पण ऐकायला कुणी उरलं नव्हतं.