तळाशी उरलेला घोट

मी बाटलीच्या तळाशी उरलेला एक घोट बोलतोय. पांढऱ्या वाइनचा. पांढरी म्हणायची आपली रीत. रंग म्हणाल तर लिंबाच्या सालीसारखा फिकट. म्हणजे होता. आता जरा वाळल्या गवतावर गेलाय. बाकीचा मी तीन पेल्यांत गेलो, तिथून तीन पोटांत. वेळ थोडा आहे, पण मला घाई जमत नाही. सावकाशच सांगतो.

माझा जन्म समुद्राकडे तोंड करून बसलेल्या टेकडीवरचा. जमीन चुनखडीची, पावलाला टोचणारी. ऊन डोक्यावर चढलं की समुद्राचा गार वारा धावत यायचा आणि उन्हाला गप्प करायचा. म्हणून आम्ही द्राक्षं फार गोड कधी झालोच नाही. अंगात आंबटपणा राहिला. माणसाचं त्याने बिघडतं; माझा मात्र तोच जीव.

वेली बाबांच्या, म्हणजे ज्या घरात मी आता आहे तिथल्या मुलीच्या वडिलांच्या. तोडणीच्या दिवसांत ते सकाळी वेलींतून फिरायचे आणि एकेक मणी तोंडात टाकायचे. "दोन्ही डोळे मिटले तर कच्ची. एकही मिटला नाही तर उशीर झाला. एकच डोळा आपोआप मिटला, की तोडा!" गोडी मोजायचं यंत्र त्यांच्याकडे होतं. ते खोलीच्या कोपऱ्यात निवांत बसून असे.

मला लाकडी पिंपात मुरवलं नाही. गार टाकीत काही महिने शांत ठेवलं आणि बाटलीत भरलं. मुलगी माहेराहून निघाली तेव्हा बाबांनी मला तिच्या पिशवीत कोंबलं. "येत्या उन्हाळ्यात पिऊन टाका हं. ही ठेवायची नाही. साधा मासा तळा, वर लिंबू पिळा, नाहीतर ताजं चीज घ्या. गोडाबरोबर नको, तिथे ही तोंड वाकडं करते."

मुलगी शहरात बेकरी चालवते. खाली भट्टी, वर घर. नवरा चष्मे दुरुस्त करतो. त्या उन्हाळ्यात मासे आणायचं ठरलं होतं. पण त्याआधीच बाबा गेले. वेली दुसऱ्याच्या झाल्या. बाबांच्या हातची मी एकच बाटली उरली.

तिने बाबांचा फोटो भिंतीला लावला आणि खालच्या फळीवर मला उभं केलं. त्याच भिंतीतून भट्टीचं धुराडं वर जातं. मला रोज शेक. रविवारी ती पिठाळलेले हात धुऊन मला पुसायची. इतक्या मायेने, की तक्रार तरी कशी करावी?

नवरा कधी म्हणायचा, "उघडूया का गं?"

"नको. राहू दे. वाइन जितकी जुनी तितकी चांगली, सगळे म्हणतात."

सगळे दुसऱ्या कुणाबद्दल म्हणतात, बाई. लोणचं मुरतं, काकडी मुरत नाही. मी काकडीच्या जातीचा. असे तीन उन्हाळे गेले. माझ्यातलं लिंबू हळूहळू गेलं, हिरव्या पानाचा वास गेला. मला भीती एकच. एक दिवस ती बूच काढेल, आणि आत बाबा नसतील.

आज दुपारी आत्या आली. बाबांची बहीण, तोंडाने फटकळ, हातात ताज्या माशांची पिशवी. जावयाला म्हणाली, "जावईबापू, चष्मेवाले तुम्ही, आणि घरात काय चाललंय ते दिसत नाही?" मग फळीकडे बोट केलं. "हे काय गं?"

"बाबांची शेवटची आहे, आत्या. उघडली की संपेल."

"माझा भाऊ या बाटलीत बसलाय होय? मग बूच काढ की, गुदमरला असेल तो! जन्मभर वाऱ्यावर राहिलेला माणूस, आणि तू त्याला धुराड्याला टेकवलंस."

मुलगी हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. मग तिने मला फळीवरून खाली घेतलं, बादलीभर बर्फात बसवलं. आत्याने मासा तळला. मीठ, लिंबू, बस्स.

पहिला घोट आत्याने घेतला. "वाइन दमलीये," म्हणाली.

मुलीने पेला उचलला. मी जेवढा उरलो होतो तेवढा सगळा गोळा होऊन तिच्या जिभेवर गेलो. ती थांबली. आणि तिचा एक डोळा आपोआप मिटला.

"अगं बाई," आत्या म्हणाली, "अगदी त्याचंच तोंड!"

मग तिघांनी माशाचा काटासुद्धा चोखून ठेवला.

आता ताटं उचललीत. नवरा बाटली उजेडात धरून म्हणतोय, "घोटभर उरलीये. ठेवायची का?"

ती माझ्याकडे बघतेय. बाबांच्या फोटोकडेही.

माझी विनंती एवढीच, लोकहो: मुरणारं मुरू द्या. पण ताजं म्हणून कुणी हातात दिलं, तर ते ताजं असतानाच घ्या. माया फळीवर ठेवली की नुसती गरम होत राहते.

तिने पेला पुढे केला. बाटली तिरकी होतेय.

बाबा निघताना कधी जातो म्हणायचे नाहीत. मीही नाही म्हणत.

येतो.