डावीकडून आलेले गोल

पांढरा कोट घातलेली बाई दिसली की कुवेतमध्ये सगळे तिला सिस्टर म्हणतात. मी नर्स नाही, डोळे तपासते, हे सांगून सांगून बारा वर्षांत माझ्या तोंडाला फेस आलाय. त्यामुळे लुबोर आत येऊन "हॅलो सिस्टर" म्हणाला, तेव्हा मी नुसतं खुर्चीकडे बोट दाखवलं.

लुबोर चेक गोलकीपर, वय सदतीस. मायदेशात दहा वर्षं, त्यातली निम्मी राखीव बाकावर. मग सायप्रसमध्ये चार आणि आता इथल्या एका क्लबात तीन. करार वाढवायचा तर वैद्यकीय फॉर्म हवा, म्हणून तो बनेद अल-गारच्या आमच्या क्लिनिकमध्ये आला होता. माझा नवरा विजय त्याचा भक्त. दर शुक्रवारी टीव्हीसमोर बसून तो यासिरच्या नावाने खडे फोडायचा. यासिर त्याच संघातला, डावीकडचा बचावपटू. यंदा निम्मे गोल त्याच्या बाजूने झाले, म्हणून गेल्या महिन्यात त्याला काढून टाकलं. पोळ्या लाटता लाटता मीही त्याला दोन शिव्या घातल्या होत्या.

उजव्या डोळ्याने लुबोरने शेवटची ओळ घडाघडा वाचली. मी तो डोळा झाकला आणि सवयीने रिमोट दाबून तक्ता बदलला. दुसऱ्या डोळ्याला मी कधीच तोच तक्ता दाखवत नाही. लायसन्ससाठी पाठ करून येणारे ड्रायव्हर इथे पुष्कळ. या वेळी पडद्यावर अक्षरं नव्हतीच, इंग्रजी न येणाऱ्यांसाठीची चिन्हं होती.

लुबोरने डोळा बारीक केला आणि पुन्हा तीच अक्षरं म्हटली. एका अक्षराशी मुद्दाम अडखळलासुद्धा.

"पडद्यावर अक्षरं नाहीत, लुबोर," मी म्हणाले.

त्याने डोळ्यावरचं झाकण स्वतःच काढलं. मग म्हणाला, "सप्टेंबरमध्ये सरावात चेंडू लागला. आधी धुकं होतं. आता काहीच नाही."

म्हणजे आठ महिने! अख्खा मोसम हा माणूस एका डोळ्यावर गोलात उभा होता.

"करार गेला, कळतंय मला," तो म्हणाला. "पण एवढं करा. 'त्रास कधीपासून' असं विचारलंय ना, तिथे गेला आठवडा लिहा. सतरा वर्षं खेळलो. लबाड म्हणून जायचं नाही मला."

मला त्याची दया आली, खरंच आली. तो रकाना पेशंट सांगेल तसाच भरायचा असतो, मला कोण विचारणार होतं? मी पेन टेकवलंसुद्धा. आणि यासिर आठवला.

"ते डावीकडून आलेले गोल?" मी विचारलं.

लुबोर खाली बघायला लागला. "यासिर जागेवरच असायचा. मलाच चेंडू उशिरा दिसायचा. कोचने विचारलं तेव्हा मी म्हणालो, यासिर जागा सोडतो."

माझं डोकं फिरलं. त्याच्यावर फिरलं, विजयवर फिरलं आणि माझ्या त्या दोन शिव्यांवरही.

"आता कुठे असतो तो?"

"अम्गराला. मामाच्या भंगाराच्या यार्डात. दहा दिवसांपूर्वी फोन आला होता त्याचा. म्हणाला, तू मागून सगळं बघत होतास, माझं नेमकं काय चुकत होतं ते सांग. सुधारून पुन्हा ट्रायलला जातो."

"मग काय सांगितलंत?"

"पाय उशिरा हलतात म्हणालो. तेव्हापासून रोज पहाटे वाळूत पळतोय तो."

मी रकान्यात सप्टेंबर लिहिलं आणि सहीसाठी फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. तो कितीतरी वेळ त्या शब्दाकडे बघत राहिला. मग त्याने पेन बाजूला ठेवलं आणि खिशातून फोन काढला.

"आधी त्याला सांगतो, मग सही करतो," तो म्हणाला. "तुम्ही बाहेर जाऊ नका, सिस्टर."

मी दार लावून घेतलं आणि त्याच्याजवळ बसून राहिले.