पृथ्वीगोलावरचा शनिवार

भूगोलबाईंचा नियम साधा होता. ज्या चित्रपटाचं नाव सोसायटीत एकानेही ऐकलं असेल, तो शनिवारी हॉलमध्ये लागणार नाही. जन्मभर शाळेत जगाचा भूगोल शिकवून बाईंनी स्वतः गावाची वेस ओलांडली नव्हती, त्याचा सूड त्या निवृत्तीनंतर उगवत होत्या.

शाळेने भंगारात काढलेला पृथ्वीगोल त्यांनी घरी आणला होता. एका ध्रुवाला पोचा आल्यामुळे तो फिरताना लंगडायचा. खेळ संपला की प्रेक्षकांपैकी कुणीतरी डोळे मिटून गोल फिरवायचा आणि बोट टेकवायचं. बोट पडेल त्या देशाचा चित्रपट पुढच्या शनिवारी. समुद्रात पडलं तर पुन्हा फिरवायचा. गोल इतका जुना होता की त्यावरचे काही देश आता जगात उरलेच नव्हते. "देश बुडतात, चित्रपट तरंगतात," असं म्हणत बाई तेही हुडकून काढत.

अडचण एकच. चित्रपटाची भाषा कुणाला कळत नसे, आणि पडद्याच्या तळाशी भाषांतराची पट्टी असलीच तर तीही दुसऱ्याच कुठल्या अगम्य लिपीत. मग बाई तो चित्रपट आधी घरी पाहून घेत आणि शनिवारी नकाशाची लांब छडी हातात धरून पडद्याशेजारी उभ्या राहत. "हा नवरा. हा त्याचा खडूस मेहुणा. आता हा रडणार आहे, लक्ष द्या." आणि तो रडायचाही. आणखी काय हवं?

सोसायटीचा अध्यक्ष हा बाईंचा सख्खा धाकटा भाऊ. अध्यक्ष झाल्यापासून तो घरातसुद्धा घसा खाकरून बोलायचा.

"अगं ताई, लोकांना झेपेल असं काहीतरी लाव ना. तो गाजलेला लाव. सगळ्यांना संवाद तोंडपाठ आहेत."

"तोंडपाठ आहेत ना? मग घरी बसून म्हणा. पडदा कशाला अडवता?"

भावाने ते मनात ठेवलं. त्याला हॉल दर शनिवारी गाजलेल्या चित्रपटांसाठी हवा होता, आणि संधी त्याला बाईंनीच दिली.

त्या शनिवारी डोंगराळ देशातला एक चित्रपट होता. एक म्हातारा हातात दोर आणि घंटा घेऊन दारोदार हिंडतो, लोकांना काहीतरी विचारतो, कमरेशी हात धरून उंची दाखवतो आणि पुढे जातो. बाईंनी सांगितलं, "याची बायको रुसून निघून गेली आहे."

"एवढीशी बायको?" मागून शिंप्याने विचारलं. मापाचा माणूस तो.

"ठेंगणी होती."

"आणि दोर कशाला हो?"

"डोंगराळ प्रदेश आहे. दोर लागतो," बाईंनी भूगोलाच्या अधिकाराने सांगितलं. शेवटी डोंगरमाथ्यावर घंटा वाजली, पडदा काळा झाला आणि अर्धा हॉल डोळे पुसत घरी गेला.

चारच दिवसांत भाऊ बाईंच्या दारात हजर. इंटरनेटवरून त्याने त्या चित्रपटाचं खरं भाषांतर पैदा केलं होतं, आणि चेहरा असा फुलला होता की जणू चित्रपट त्यानेच काढला.

"ताई, बायको नव्हे. बकरी! बकरी हरवली आहे त्याची!"

बाई क्षणभर खुर्चीत टेकल्या. उंची, दोर, घंटा, सगळं एकदम जागच्या जागी बसलं.

"बरं. मग?"

"मग काय मग! अख्ख्या सोसायटीला तू बकरीसाठी रडवलंस!"

"चुकले. पण चुकत चुकत का होईना, आम्ही त्या डोंगरावर जाऊन आलो. तू कुठे गेलास रे? त्याच नायकाच्या त्याच बंगल्यात, त्याच जिन्यावरून खालीवर."

"या शनिवारी तोच चित्रपट लागेल, खऱ्या भाषांतरासकट. नंतर हॉलचं मतदान. तू सरळ माफी माग, म्हणजे निरोप देताना मी तुझ्याबद्दल चार शब्द चांगले बोलेन."

"ते मी मेल्यावर बोल. आत्ता पडद्याला इस्त्री करून आण. आणि मतदान काहीही होऊ दे, मी शनिवार सोडणार नाही. हॉलला कुलूप घाल, मी जिन्यात पडदा लावीन."

बहिणीची फजिती रिकाम्या हॉलमध्ये व्हायला नको म्हणून भावाने स्वतः घरोघर जाऊन आमंत्रणं केली. हॉल इतका कधीच भरला नव्हता. बाई छडी घेऊन नेहमीच्याच जागी उभ्या राहिल्या. एकाने खुर्ची पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही.

पडद्यावर पहिलं वाक्य उमटलं: "माझी बकरी पाहिलीत का?"

हॉलमध्ये हशा पिकला. शिंपी तर मांडी थोपटू लागला. बाईंनी छडी खाली केली नाही. म्हातारा दुसऱ्या दारात गेला. तिथली बाई म्हणाली, "बकरी नाही पाहिली. माझा मुलगा शहरात गेलाय, तो कुठे दिसला का?" तिसऱ्या दारातला माणूस आपल्या आटलेल्या झऱ्याबद्दल विचारू लागला. ज्याला त्याला आपलं हरवलेलं. हसू कधी थांबलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी माथ्यावर घंटा वाजली. काळोख.

दिवे लागले. अध्यक्षांनी घसा खाकरला. "तर, मतदान..."

"थांबा हो," त्यांची बायकोच मध्ये पडली. "आधी सांगा, बकरी सापडली का?"

"घंटा वाजली म्हणजे सापडली," दातांचे डॉक्टर म्हणाले.

"घंटा तर पहिल्यापासून त्याच्याच हातात होती!"

"म्हणजे त्यानेच वाजवली? अरेरे."

"मला गेल्या वेळची बायकोच बरी वाटली."

"बायकोसाठी एवढं कोण हिंडतं? बकरीच ती," शिंपी म्हणाला आणि घरच्यांकडे बघून खुर्चीत खाली सरकला.

"हॉल काढून घ्यावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा!" अध्यक्ष ओरडले.

हात एकच वर गेला, त्यांचा स्वतःचा. त्या हातात ओला रुमाल होता. तो दिसताच त्यांनी हात झटकन खाली घेतला, आणि मतदान तिथेच संपलं.

"वन्सं, पुढचा देश कुठला?" भावजयीने विचारलं.

बाईंनी गोल उचलला आणि भावापुढे ठेवला. "फिरव."

"मी?"

"डोळे मीट आणि फिरव."

गोल लंगडत फिरला. भावाने बोट टेकवलं, डोळे उघडले आणि टाळीच वाजवली. "आपलाच देश! बघ ताई, आता तो गाजलेला लागणारच!"

"नियम तोच. कुणी नावसुद्धा ऐकलेलं नसलं पाहिजे."

"आपल्या देशात असा कुठला चित्रपट असणार?"

"मला काय माहीत? मी गावाबाहेर गेलेले नाही. तू शोध."

भाऊ गोलाकडे बघत राहिला. "निदान भाषा तरी कळेल," तो पुटपुटला.

"ते पाहिल्यावर ठरेल," बाई म्हणाल्या आणि त्यांनी छडी त्याच्या हातात दिली.